पटकथेतील प्रसंग



वसंत व्याख्यानमालेला कामगार चळवळीतला माणूस बोलावला की तो बोनसवर बोलणार, अशी आपली समजूत असणार. आज मी बोलणार आहे ते पटकथेतील प्रसंगाविषयी. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते गेटसभांत, वाचनालयात आणि जत्रेतल्या तंबूत पडद्यापुढे मांडी घालून. तेव्हा शास्त्र सांगण्याचा माझा अधिकार नाही. चूक कशी होते हे सांगण्याचा मात्र पुरेपूर आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतल्या तरुणांनी मोबाईलवर वीस मिनिटांचा चित्रपट काढावयाचे ठरविले. एक कामगार यंत्रावर दगावला होता. त्याची पत्नी पगाराचा आणि ग्रॅच्युइटीचा धनादेश घ्यावयास कचेरीत जाते, एवढाच विषय. न वाचता सही करू नका, हे चार घरांत पोचावे हा हेतू. त्या दिवशी मी तिच्या सोबत होतो, म्हणून लेखणी माझ्या हाती आली.

मी तो प्रसंग तीन पानांत लिहिला. दीड पान माझेच भाषण! शोषण, न्याय, एकजूट, काही म्हणता काही सोडले नाही. कागदातला डाव पुढारी ओळखतो, टेबलावर मूठ आपटतो आणि वहिनी डोळ्यांना पदर लावतात. येथल्याच एका अंगणात आम्ही तो वाचला. पोरे जांभया देऊ लागली. वहिनी शेवटपर्यंत बसल्या आणि उठताना एवढेच म्हणाल्या, "चांगलं लिव्हलंय, भाऊ. पण कागद मी वाचला व्हता."

खरे होते ते. मी खोटे बोलावयाचे म्हणून लिहिले नव्हते. सभांत सांगता सांगता माझ्याच मनात तो प्रसंग माझा होऊन बसला होता. रात्रभर झोप आली नाही. तेव्हापासून प्रसंग लिहावयाचा म्हणजे काय करावयाचे, हे मी नव्याने शिकू लागलो.

पहिली गोष्ट अशी की मागणीपत्र वाचून दाखविणे म्हणजे प्रसंग नव्हे. वाटाघाटीच्या टेबलाशी बसलेल्यांना ठाऊक आहे, की तेथे प्रत्येकजण काहीतरी हवे म्हणून आलेला असतो आणि ते उघड कोणीच बोलत नाही. "विचार करू" म्हणजे "नाही", आणि दुसरा चहा मागविला म्हणजे गाडे थोडे हलले. पटकथेतही तेच. कोण काय मागावयास आला, कोण अडवितो, आणि उठताना काय बदललेले असते? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ते पान फाडावे. त्यावाचून कथा लंगडत नाही.

दुसरी गोष्ट. पटकथेत डोळ्याला दिसेल आणि कानाला ऐकू येईल तेवढेच लिहावे. "त्याला फार दुःख झाले" हे कादंबरीत चालेल. कॅमेऱ्याने ते टिपावे कसे? बाबूराव पेंटरांनी 1925 साली कोल्हापुरात 'सावकारी पाश' काढला. जमीन सावकाराच्या घशात जाते आणि शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो, अशी ती कथा. शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. तो मूकपट, भाषण करावयाची सोयच नव्हती. त्यातली अंधारलेली झोपडी आणि रडणारे कुत्रे यांची आठवण जुन्या जाणकारांनी लिहून ठेवली आहे. ज्या पडद्याला आवाज नव्हता त्यावरचे कुत्र्याचे रडणे लोकांच्या कानात राहिले!

अलीकडचे उदाहरण घ्या. नागराज मंजुळे यांच्या 2013 सालच्या 'फँड्री'त एक गरीब कुटुंब डुकराच्या मागे धावत असते. इतक्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि सारे जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुकराला मात्र तसले बंधन नसते. देश आणि जात यांवर तेथे एक अक्षर बोललेले नाही, आणि बोलावयाचे काही शिल्लकही राहिलेले नाही.

तिसरी गोष्ट माझ्या वर्मी लागलेली. प्रसंग कोणाचा, हे आधी ठरवावे. ज्याचे सर्वांत जास्त पणाला लागले आहे, प्रसंग त्याचा. ज्याचा आवाज मोठा त्याचा नव्हे.

मग मी पुन्हा लिहावयास बसलो. गावाहून निघणे, गाडी, फाटकावरची नोंद हे सारे काढून टाकले. सुरुवातच टेबलापासून केली. अधिकारी कागद पुढे करतो आणि न विचारता शाईचा पॅड सरकवितो. ती पॅड बाजूला ठेवते आणि पेन मागते. पेन मिळते, पण ती सही करीत नाही. ओळीखाली बोट धरून वाचू लागते. पंखा फिरतो आहे. पुढारी घड्याळ पाहतो. होय, मी घड्याळ पाहिले होते. ते आता लिहिले. शेवटच्या ओळीवर, जेथे यापुढे कसलाही दावा राहणार नाही असे छापले आहे, तेथे बोट थांबते. ती विचारते, "दावा म्हंजी काय, साहेब?" कोणी उत्तर देत नाही. ती पेनाला टोपण लावते.

एक पान झाले. माझ्या वाट्याला एकही वाक्य आले नाही. त्याच अंगणात ते वाचले तेव्हा कोणी जांभई दिली नाही. वहिनींनी एकच दुरुस्ती सुचविली: "टोपण नव्हतं, भाऊ. खटक्याचा पेन व्हता." ती मी लगेच केली.

येथे बसलेल्या तरुणांना माझे एवढेच सांगणे, की वैजापूरच्या बाजारात, तहसील कचेरीत, रोटेगावच्या फलाटावर रोज असे प्रसंग घडतात. त्यांतला एक लिहा, एका पानात लिहा. आणि चित्रण करण्यापूर्वी तो ज्याचा आहे त्याला वाचून दाखवा. तो मान हलवील तेव्हाच कॅमेरा काढा.