सरकारचा जमाखर्च

मंडळी, आज आपण मोठ्या आकड्यांची गोष्ट करणार आहोत. आकडे मोठे म्हणून बिचकू नका. आठवड्याच्या बाजाराचा हिशेब ज्याला जमतो, त्याला देशाचे अंदाजपत्रकही समजते.

दिल्लीचे अर्थमंत्री एरवी 1 फेब्रुवारीला लोकसभेत पुढच्या सालचा जमाखर्च मांडतात. 2017 सालाआधी तो फेब्रुवारीच्या अखेरीस मांडत. यालाच अंदाजपत्रक किंवा अर्थसंकल्प म्हणतात. आपले साल पाडव्याला सुरू होते. सरकारचे साल 1 एप्रिलला सुरू होते.

उदाहरणाला आपण 2025-26 सालचे अंदाजपत्रक घेऊ. त्यात एकूण खर्च 50 लाख 65 हजार कोटी रुपये धरला होता. हा आकडा कुणाच्याच डोक्यात मावत नाही. देशात 140 कोटींवर माणसे आहेत. तेवढ्यांत वाटला तर माणशी 36 हजार रुपये येतात. आता या खर्चात राज्यांचा करांतला वाटाही मिळवून सगळा जमाखर्च आपण एका रुपयावर आणू, म्हणजे बोटांवर मोजता येईल.

या रुपयातले 24 पैसे सरकार कर्जाऊ काढणार होते. 22 पैसे प्राप्तिकराचे, 18 पैसे जीएसटीचे, 17 पैसे कंपन्यांच्या कराचे. उरलेले इतर बाबींचे. खर्चाच्या बाजूला 22 पैसे राज्यांचा करांतला वाटा, 8 पैसे संरक्षण, 6 पैसे धान्य, खत वगैरेंवरची सबसिडी. आणि जुन्या कर्जाचे नुसते व्याज किती? 20 पैसे! ही ओळ बोट ठेवून दोनदा वाचा.

वर्गात आम्ही विचारतो, "सरकारला कर कोण देतो?" मग एखादी बाई म्हणते, "आमी कशाचा कर देतो? आमाला ना जमीन ना नोकरी." अहो बाई, तुम्ही साबणाची वडी घेता ना? त्या वडीवर पूर्वी 18 टक्के जीएसटी होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झाला. दुकानदाराला दिलेल्या पैशातच तो कर असतो. म्हणजे वर सांगितलेल्या 18 पैशांत तुमचाही वाटा आहे. तेव्हा हिशेब विचारायचा हक्क तुमचाही आहे.

आता कर्जाचे बघू. कर्ज काढणे वाईट का? विहिरीला काढले तर एक गोष्ट, वरातीला काढले तर दुसरी. सरकारचेही तेच. 2025-26 साली सरकार 15 लाख 69 हजार कोटींचे कर्ज काढणार होते. त्यातले सुमारे सव्वापाच लाख कोटी पगार, व्याज, पेन्शन असल्या रोजच्या खर्चात जाणार होते. याला महसुली तूट म्हणतात. म्हणजे रोजच्या खर्चाला रोजची जमा पुरली नाही. कर्जाच्या तीन रुपयांतला एक रुपया असा गेला. आपल्या राज्याचीही तीच तऱ्हा. 10 मार्च 2025 ला बारामतीतून निवडून आलेले अजित पवार यांनी राज्याचे अंदाजपत्रक मांडले. त्यात महसुली तूट 45,891 कोटी होती.

उरलेले दोन रुपये रस्ते, रेल्वे, धरणे अशा कामांना लागतात. ते फळतात का? यासाठी लांब जायला नको. आपला नीरा डावा कालवा बघा. 1876-77 साली मोठा दुष्काळ पडला. पुढे 1880 नंतरच्या दहा वर्षांत हा कालवा सुरू झाला. वर भोरकडे भाटघरचे धरण झाले. घातलेल्या पैशावर व्याज धरून इंग्रज सरकार त्याचा हिशेब ठेवी. पहिली कित्येक वर्षे तो हिशेब काही बरा दिसेना. का? शेतकरी पाऊस हुकला तरच पाणी घेई. पाणीपट्टी कशाला भरायची, असे त्याला वाटे. मग सासवडकडचे माळी आले. त्यांनी जमिनी खंडाने घेतल्या, ऊस लावला. गुऱ्हाळे चालली. 1930 नंतर इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना निघाला. पुढे माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर इथे सहकारी कारखाने झाले. गुळाचा पैसा, मजुरी, बारामतीच्या पेठेची उलाढाल, हे सगळे पाणीपट्टीच्या रकान्यात कुठे दिसणार? म्हणून एखादे काम तोट्याचे आहे, असे कुणी म्हटले तर विचारावे, कुणाच्या वहीत?

पण हाच कालवा दुसरीही गोष्ट सांगतो. हेडच्या शेताला पाणी वेळेवर मिळते, टेलचा माणूस वाट बघतो. काही जमिनी पाणी जास्त होऊन चोपण झाल्या. आणि मोरगाव-सुप्याकडच्या जिरायत गावांना तर या कालव्याचा थेंब नाही. तालुक्याची सरासरी काढली तर सगळेच बागाईतदार वाटतील!

देशाचे उत्पन्न वाढले, असे पेपरात येते. ते खोटे नसते. 1950-51 साली देशात 5 कोटी टन धान्य पिकले. 2023-24 साली 33 कोटी टन पिकले. एवढ्या काळात माणसे चौपट झाली, धान्य साडेसहा पट झाले. ही कमाई लहान नव्हे. पण याच देशात 2023-24 साली शंभर कामकऱ्यांतले पंचेचाळीसच्या वर शेतीवर होते, आणि शंभर रुपये उत्पन्नात शेतीचा वाटा साधारण अठरा रुपयांचा होता. टेलला कोण आहे, ते यात दिसते.

आणखी एक खुबी सांगतो. अंदाजपत्रकात एकाच कामापुढे तीन तऱ्हेचे आकडे येतात. पहिला अंदाज, म्हणजे ठरवलेले. दुसरा सुधारित अंदाज, म्हणजे वर्ष सरत आल्यावर बदललेले. तिसरा प्रत्यक्ष, म्हणजे खरोखर खर्च झालेले. भाषणात पहिला आकडा गाजतो. तिसरा कळायला वर्ष-दोन वर्षे लागतात, तोवर लोक विसरतात.

दिल्लीचा कागद सगळ्यांच्या हाती येत नाही. पण ग्रामपंचायतीचेही अंदाजपत्रक असते. 2021 ते 2026 या पाच सालांसाठी पंधराव्या वित्त आयोगाने गावांना पैसा दिला. त्यात शंभरातले साठ रुपये पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच लावायचे, असा नियम होता. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला ग्रामसभा भरते. तिथे कागद मागा. आधी पाण्याची ओळ शोधा. ठरले किती आणि खर्च झाले किती, हे दोन आकडे मोठ्याने वाचा. मग त्या कामाची टाकी नाहीतर नळ कुठे आहे, ते बघून या.