राखणारा गडी

फुटबॉलच्या सामन्याचा वृत्तान्त आपण वर्तमानपत्रांत वाचतों, तेव्हां गोल कोणीं केला आणि कितव्या मिनिटाला केला, हें ठळक अक्षरांत छापलेलें असतें. कोणाच्या दक्षतेमुळें गोल झाला नाहीं, हें मात्र बहुधा कोठेंच नसतें. घडलेल्या गोष्टीची नोंद होते. टळलेल्या गोष्टीची होत नाहीं. अशा टळलेल्या गोष्टींवरच ज्याची कीर्ति उभी राहिली, त्या कार्लेस पुयोल या स्पॅनिश बचावपटूविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतांत, पिरिनीज पर्वताच्या मुलखांत, ला पोब्ला दे सेगुर नांवाचें लहानसें गांव आहे. १३ एप्रिल १९७८ रोजीं पुयोल तेथें जन्मला. १९९५ मध्यें तो बार्सेलोना क्लबाच्या 'ला मासिया' या युवक-शाळेंत दाखल झाला. तेथील कित्येक मुलांच्या पायांत चेंडूची जादू होती. याच्यापाशीं ती बेताचीच होती. निरनिराळ्या जागीं खेळून अखेर तो बचावाच्या फळींत स्थिरावला. ऑक्टोबर १९९९ मध्यें लुई व्हान गाल या प्रशिक्षकानें त्याला पहिल्या संघांत उतरविलें. उंची सुमारें पांच फूट दहा इंच, म्हणजे मध्य-बचावाच्या मानानें कमीच. ती उणीव त्यानें नेमक्या क्षणीं उडी घेऊन आणि कधींहि न ढळणाऱ्या अवधानानें भरून काढली.

२००४ मध्यें तो संघाचा कप्तान झाला. कप्तानाचा अधिकार त्यानें कसा वापरला, याचे दोन दाखले देतों. २०१२ च्या एप्रिलांत रायो व्हायेकानो या दुबळ्या ठरलेल्या संघावर गोलांमागून गोल होत असतां त्याचे दोन सहकारी आनंदानें नाचूं लागले. पुयोल धांवत गेला आणि त्यांना दूर करून खेळाकडे वळविलें. हरणाऱ्याचा मान राखणें हेंहि त्याला बचावाचेंच काम वाटलें असावें. दुसरा दाखला २८ मे २०११ चा, लंडनच्या वेंब्ली मैदानावरील. बार्सेलोनानें युरोपचा करंडक जिंकला होता. एरिक अबिदाल या सहकाऱ्यावर त्याच वर्षीं मार्चमध्यें यकृतांतील गांठीसाठीं शस्त्रक्रिया झाली होती. पुयोलनें कप्तानाची पट्टी त्याच्या दंडावर बांधली आणि करंडक उंचावण्याचा मान त्याला दिला.

आणि गंमत पाहा! गोल अडविणाऱ्या या गड्याचें नांव जगाला ठळक अक्षरांत वाचावयास मिळालें तें एका गोलामुळेंच. ७ जुलै २०१० रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील डर्बन येथें विश्वचषकाचा उपांत्य सामना होता. ७३ व्या मिनिटाला शावीनें कोपऱ्यावरून मारलेला चेंडू पुयोलनें धांवत येऊन, झेप घेऊन, डोक्यानें जर्मनीच्या जाळ्यांत धाडला. त्या एकाच गोलानें स्पेन अंतिम फेरींत पोंचला, व चार दिवसांनीं जगज्जेता झाला. देशासाठीं खेळलेल्या शंभर सामन्यांत त्याचे गोल अवघे तीन!

गुडघ्याच्या दुखण्यानें २०१४ मध्यें त्याला मैदान सोडावें लागलें. तोंवर बार्सेलोनातर्फे तो ५९३ सामने खेळला होता, सहा वेळां स्पेनची साखळी स्पर्धा व तीन वेळां युरोपचा करंडक जिंकून.

श्रोतेहो, एक कबुली देऊन हें भाषण संपवितों. मीं अनेक वर्षें शाळेंत खेळांचीं बक्षिसें ठरविलीं. तीं प्रत्येक वेळीं गोल करणाऱ्या मुलांस गेलीं. मागच्या फळींत एक अबोल मुलगा तीन वर्षें खेळला. त्याच्या प्रगतिपुस्तकांत मीं खेळाविषयीं एक ओळहि लिहिली नाहीं. पुयोलचा खेळ पाहतांना मला तो मुलगा आठवतो. आज ती ओळ लिहिण्यास माझ्या हातीं त्याचें प्रगतिपुस्तक नाहीं. पण आपल्यापैकीं ज्यांच्या हातीं अशीं पुस्तकें असतील, त्यांनीं मागच्या फळीकडेहि एकदां पाहावें, एवढीच विनंति.