शक्तितस्तप आणि वृद्धांचे हृदय



नीरा-भीमेच्या संगमावरील नरसिंहपूरचा घाट एका दमात चढणारे आजोबा आता चार पायऱ्यांवर थांबतात. सायंकाळी पावले सुजतात. रात्री एका उशीऐवजी तीन उश्या लागतात. घरची मंडळी म्हणतात, "वय झाले." पुष्कळदा ती हृदय दुर्बल झाल्याची खूण असते. असे हृदय बंद पडलेले नसते. ते पुरेसे रक्त पुढे ढकलू शकत नाही, किंवा ताठर झाल्याने नीट भरत नाही. मग मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवतात आणि ते पाणी पायांत व फुफ्फुसांत साचते.

म्हणून पहिला संयम मिठाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ घ्यावे. अष्टमी-चतुर्दशीस हिरवी भाजी वर्ज्य झाली की पानात पापड, लोणचे, शेव येते, आणि व्रताच्या दिवशीच मीठ वाढते. पापडखारातही सोडियम असते. वस्तुतः रसपरित्यागात मिठाचा त्याग परंपरेनेच सांगितला आहे. अवमौदर्य, म्हणजे चार घास कमी खाणे, आणि सूर्यास्तापूर्वीचे हलके भोजन यांनी भरल्या पोटी आडवे होणे टळते. मात्र बाजारातील कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. ते वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये.

दुसरा नियम वजनाचा. रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी वजन करून वहीत लिहावे. ३ दिवसांत २ किलोहून अधिक वाढ झाल्यास ती चरबी नव्हे, पाणी समजावे व त्वरित डॉक्टरांना कळवावे. प्रकृती स्थिर असता, बोलता येईल इतक्या गतीने रोज चालावे.

खरा धोका पर्युषणात संभवतो. लघवी वाढविणारी गोळी चालू ठेवून निर्जळ उपवास केल्यास रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. मधुमेहाच्या काही गोळ्याही उपवासात घातक ठरतात. उलट गोळ्याच बंद केल्या तर पाणी पुन्हा साचते व रुग्ण धापा टाकीत रुग्णालयात पोहोचतो. म्हणून व्रत घेण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. लघवीची गोळी बहुधा सकाळचीच असते; इतर पुष्कळ औषधेही दिवसाउजेडी बसविता येतात. रात्रिभोजनत्याग मोडण्याची वेळ सहसा येत नाही.

सोळा भावनांमध्ये 'शक्तितस्तप' आहे: तप शक्तीनुसार. दुर्बल हृदयाच्या आजींनी निर्जळ उपवासाऐवजी अळणी एकाशन, स्वाध्याय व सामायिक स्वीकारले, तर त्यांचे तप उणे होत नाही. सुना-मुलांनी त्यांना हे आदराने समजावावे आणि घरातील लोणच्याची बरणी आधी स्वतःच्या पानापासून दूर करावी.