वाट कोण ठरवतो?



"तू नेटवर्कमध्ये नक्की करतोस तरी काय?" असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. पाच मिनिटं मिळाली आहेत, तेवढ्यात सांगतो.

तुम्ही पाठवलेला फोटो लहान लहान तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, प्रवास करतो. वाटेतले राउटर आणि स्विच दोन कामं करतात : पॅकेटाची वाट ठरवणं आणि ते पुढे ढकलणं. पूर्वी दोन्ही कामं त्याच पेटीत होत. नियम बदलायचा तर रात्री जागून एकेका पेटीत आज्ञा टाइप कराव्या लागत. त्यावरच माझं पोट होतं.

सॉफ्टवेअर-डिफाइंड नेटवर्किंगने ही कामं वेगळी केली. वाट ठरवणं कंट्रोलर या सॉफ्टवेअरकडे गेलं. पेट्यांकडे ढकलणं उरलं. प्रत्येक स्टेशनमास्तरने शेजारच्या स्टेशनला विचारून गाडी सोडण्याऐवजी कंट्रोल रूममधून सगळा मार्ग पाहून सोडावी, तसं. कंट्रोलरने पेट्यांशी बोलायचं कसं, यासाठी स्टॅनफर्डचे निक मॅककिओन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ओपनफ्लो मांडलं.

फायदा काय? लांब पल्ल्याच्या महागड्या लाइन एरवी सरासरी ३० ते ४० टक्केच वापरल्या जात. बाकीची जागा बिघाडासाठी राखीव. गूगलने डेटा सेंटर जोडणाऱ्या आपल्या बी-४ जाळ्यातल्या अनेक लाइन जवळजवळ १०० टक्के भरून चालवल्या, असं त्यांच्या २०१३ च्या शोधनिबंधात आहे. तातडीचं आधी आणि बॅकअपसारखं थांबू शकणारं मागून, हे एका जागेवरून ठरवता आलं म्हणून.

धोकाही तिथेच आहे. एक चुकीचा नियम क्षणात सगळीकडे पोचतो. म्हणून कंट्रोलर एकाहून जास्त ठेवतात, आणि नियम आधी दुसऱ्याने तपासायचा. "उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या दाखव," असं गणिताच्या बाई म्हणायच्या. आता तोच माझा रोजचा शिरस्ता आहे.

आज्ञा टाइप करणाऱ्यांची गरज कमी झाली. चाळिशीनंतर मुलांच्या वयाच्या सहकाऱ्यांशेजारी बसून मी पायथन शिकलो. जमलं, कारण नेटवर्कचा पाया पक्का होता.

मिनिनेट हे मोफत सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर अख्खं नेटवर्क उभं करतं. शाळेने संगणक कक्ष दिला, तर दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस येऊन मुलांना शिकवीन. सर, किल्ली कुणाकडे मागायची तेवढं सांगा.