दरडींचा माग : उपग्रहाची नजर आणि गावची नोंद



रत्नागिरी जिल्ह्यातून जाणारा महामार्ग घ्या किंवा कोकण रेल्वे. दोहोंसाठी डोंगर कापावे लागले. वर जांभा आणि खाली काळा बेसाल्ट अशी इथल्या अनेक डोंगरांची घडण आहे. सड्यावरचे पाणी फटींत मुरते, खडकाचे सांधे सुटतात आणि ऐन पावसात धोंडा निसटतो. २२ जून २००३ रोजी शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, वैभववाडीजवळ, रुळांवर आलेल्या दरडीला गाडी धडकून सुमारे पन्नास प्रवासी प्राणास मुकले. परशुराम घाटात तर रस्त्याच्या खाली पायथ्याशी पेढे गावची घरे आहेत.

अशा ठिकाणी धोका आगाऊ ओळखता येईल काय? काही अंशी येतो. २००५ साली सोडलेल्या कार्टोसॅट-१ या उपग्रहाने एकाच भूभागाची दोन कोनांतून छायाचित्रे घेतली. त्यांवरून डोंगराचा उंचसखलपणा मोजता येतो, तीव्र उतार आणि जुन्या दरडींचे व्रण निवडता येतात. परंतु या छायाचित्रातील एक ठिपका अडीच मीटरांचा! घर मोडणारा धोंडा त्याहून लहान असू शकतो. तो टिपण्यासाठी ड्रोनच हवा. २०२५ मध्ये अवकाशात गेलेल्या निसार उपग्रहाचे रडार ढगांतून पाहू शकते. मात्र अकस्मात निखळणारा दगड पूर्वसूचना देईलच असे नाही.

यापुढचे काम संगणकाचे. कड्यावरून हजारो काल्पनिक दगड सोडून ते कोठे आपटतील, किती उसळतील व कोठे थांबतील याचे गणित तो मांडतो. वीस मीटरांवरून सरळ कोसळलेल्या दगडाचा वेग ताशी सत्तर किलोमीटरांवर जातो. उसळीच्या उंचीवरून जाळीची उंची ठरते आणि थांबण्याच्या रेषेवरून घरांची जागा.

हे गणित खरे की खोटे, हे मात्र पूर्वी पडलेले दगडच सांगू शकतात. नेमका हाच पुरावा आपण गमावतो. रस्त्यावरचा धोंडा फोडून बाजूला केला जातो, शेतातला बांधाला लागतो. तेव्हा पंचायत सदस्यांना माझी विनंती अशी, की दगड हलविण्यापूर्वी तो थांबलेली जागा, त्याची लांबी-रुंदी-उंची, तारीख व वेळ ग्रामपंचायतीच्या वहीत लिहावी. कड्यावर ताजा, फिकट डाग दिसत असल्यास तोही नोंदवावा. गावच्या शाळेत पर्जन्यमापक असेल तर गुरुजींनी त्या दिवसाचा आणि आदल्या तीन दिवसांचा पाऊस त्याच ओळीत टिपून द्यावा.