शाळेचा लॅपटॉप की घरचा डेस्कटॉप?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



इल्मचे महत्त्व या व्यासपीठावरून दर वर्षी सांगितले जाते आणि ते सांगितले गेलेच पाहिजे. ज्या दीनची सुरुवात ‘इक्रा’ या शब्दाने झाली, त्या दीनच्या लोकांना शिक्षणासाठी आर्जव करावे लागते, ही आपणा सर्वांनाच विचार करायला लावणारी गोष्ट आहे. पण आज मी तत्त्वाचे बोलणार नाही. एका अगदी घरगुती प्रश्नावर बोलणार आहे. मलकापूर असो, खामगाव असो, चिखली, मेहकर वा लोणार असो, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले पालक भेटले की हल्ली हमखास विचारतात, “सर, मुलीला कॉलेजकडून लॅपटॉप मिळतोय. तो घ्यावा, की थोडे पैसे घालून घरी चांगला डेस्कटॉप जोडून घ्यावा?”

या प्रश्नाला मी एकदा चुकीचे उत्तर दिले आहे. ती चूक तुमच्या हातून होऊ नये, एवढ्याचसाठी आज उभा आहे.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांचे मोटार वाइंडिंगचे छोटेसे दुकान. मोठा मुलगा डिप्लोमाला, मुलगी अकरावी सायन्सला आणि धाकटा सातवीत. मुलीच्या कॉलेजने दोन वर्षांसाठी लॅपटॉप देऊ केला होता. बारावी झाली की परत करायचा, आणि तुटला-फुटला तर भरपाई द्यायची. अब्बांना त्या भरपाईची धास्ती वाटत होती. मोठा मुलगा म्हणत होता, “परक्याची वस्तू कशाला? अठ्ठावीस हजारांत मी स्वतः यंत्र जोडतो, आपण तिघेही वापरू.” त्याने सुट्या भागांची यादी करून आणली होती. मी ती यादी वाचली, कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला आणि मुलाच्या बाजूने निकाल दिला.

माझा हिशेब चुकीचा नव्हता. तो तुम्हीही ऐकून ठेवा, कारण उपयोगाचा आहे.

जोडलेल्या डेस्कटॉपचा प्रत्येक भाग सुटा असतो. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी, वीज पुरवणारा एसएमपीएस, मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, सगळे वेगवेगळे. रॅम कमी पडली तर तेवढीच वाढवता येते, कीबोर्ड बिघडला तर काही शेकड्यांत नवा येतो. लॅपटॉपचे तसे नसते. पुष्कळ नव्या लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच कायमची जोडलेली असते. बॅटरीचे आयुष्यही मोजके असते. साधारण तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची ताकद उतरू लागते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यातल्या पत्र्याच्या घरात ती आणखी लवकर उतरते.

विजेचे पाहा. साधा डेस्कटॉप मॉनिटरसह सुमारे शंभर वॅट घेतो असे धरा. रोज चार तास चालवला तर महिन्याला बारा युनिट होतात. लॅपटॉप चाळीस वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे पाच युनिटच्या आत. इथे लॅपटॉप जिंकतो. वीज गेली तरी तो दोन-तीन तास चालतो. डेस्कटॉपला यूपीएस लागतो, आणि सहाशे व्हीएचा साधा यूपीएस काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरती दहा-पंधरा मिनिटेच देतो. ज्यांच्या गावी संध्याकाळी वीज जाते, त्यांनी ही पंधरा मिनिटे विसरू नयेत.

तरीही एकूण बेरीज डेस्कटॉपच्या बाजूने झाली. तो दहा वर्षे टिकू शकतो, घरच्या घरी दुरुस्त होतो आणि तीन मुलांना पुरतो. शिवाय जेईई मेन आणि आपल्या राज्याची एमएचटी-सीईटी या परीक्षा २०१९ पासून संगणकावर होतात. मोठ्या पडद्यासमोर बसून माऊसने उत्तरे देण्याचा सराव मोबाइलवर होत नाही, हेही मी त्या अब्बांना सांगितले. ते समाधानाने गेले. लॅपटॉपचा अर्ज भरला गेला नाही.

पाच-सहा महिन्यांनी काही कामानिमित्त त्यांच्या घरी जाण्याचा योग आला. डेस्कटॉप मोठ्या डौलात बैठकीच्या खोलीत मांडलेला होता. वर कापडी झालर, बाजूला यूपीएस. मोठा मुलगा त्यावर गेम खेळत होता आणि त्याचे दोन मित्र शेजारी बसले होते. मी सहज विचारले, “बेटी कधी बसते यावर?” आतून तिच्या अम्मीचे उत्तर आले, “रात्री दहानंतर, सर. बैठकीत कोणी नसले की.”

मी गप्प झालो. बारावी सायन्सकडे निघालेली मुलगी. तिच्या नावाने मिळणारे यंत्र मी नाकारायला लावले होते आणि तिच्या वाट्याला रात्री दहानंतरची वेळ ठेवली होती. वॅट मोजले, युनिट मोजले, रुपये मोजले. त्या घरात कोणती खोली कोणाची आहे, एवढे मात्र विचारले नाही.

पालकहो, यंत्र कोणते चांगले, हा प्रश्न दुकानदाराचा आहे. आपला प्रश्न असा की यंत्र घरात आल्यावर ते कोणाच्या हातात राहील आणि कोणाच्या हातात कधीच येणार नाही. लॅपटॉप मिळतो तो एका विद्यार्थ्याच्या नावाने. त्यावर तिचा हक्क लिहिलेला असतो, आणि ती तो मधल्या खोलीत, माळ्यावर, मावशीच्या घरी, कुठेही घेऊन बसू शकते. डेस्कटॉप घराचा असतो, आणि घराचा म्हणजे पुष्कळदा घरातल्या सर्वांत मोठ्या आवाजाचा असतो.

म्हणून मुलीला लॅपटॉप मिळत असेल तर आधी तो घ्या. भरपाईची भीती असेल तर अटींचा कागद मागून वाचा. नैसर्गिक बिघाडाची जबाबदारी कोणाची, चोरी झाल्यास काय, सुट्टीत यंत्र घरी ठेवता येते का, परत करताना आपले लिखाण उतरवून घेता येते का, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे घ्या. विचारण्यात कमीपणा नाही. अमानत घेणाऱ्याने तिच्या अटी जाणून घेणे, हा शहाणपणा आहे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी पुन्हा अर्धेच उत्तर देईन. नुसता लॅपटॉप हातात दिल्याने मूल शिकते, असे मुळीच नाही. मुलामागे एक लॅपटॉप देण्याची मोठी जागतिक चळवळ निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये जाहीर केली. शंभर डॉलरचा लॅपटॉप, ही तिची कल्पना. प्रत्यक्षात किंमत त्याहून पुष्कळ वाढली. २००७ मध्ये ते हिरवे-पांढरे यंत्र आपल्या महाराष्ट्रातही आले, रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत. पेरू देशात हीच यंत्रे लाखोंच्या संख्येने वाटली गेली. तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास होऊन २०१२ मध्ये निष्कर्ष आले. मुले संगणक अधिक वापरू लागली होती, पण गणित आणि भाषेच्या परीक्षेत फरक दिसला नाही. यंत्र पोहोचले, पण यंत्रावर काय शिकवायचे हे त्याच्या मागोमाग पोहोचले नाही.

दिलेल्या यंत्रावर देणाऱ्याची छाप असते, हेही ध्यानात ठेवा. उत्तर प्रदेशात २०१३ मध्ये सरकारने लाखो विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले. ते सुरू करताच पडद्यावर नेत्यांची चित्रे उमटत. यात हसण्यासारखे काही असेल, पण अमेरिकेत घडले ते हसण्यावारी नेता येत नाही. पेनसिल्व्हेनिया राज्यातील लोअर मेरियन येथील शाळांनी विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले होते. चोरी झाल्यास शोध लागावा म्हणून त्यांत दूरवरून कॅमेरा सुरू करण्याची सोय होती. २०१० मध्ये उघड झाले की त्या सोयीने मुलांची त्यांच्या घरांतली हजारो चित्रे विद्यार्थ्यांना वा पालकांना न कळता टिपली गेली होती. प्रकरण न्यायालयात गेले आणि शाळा-मंडळाला ६ लाख १० हजार डॉलर देऊन ते मिटवावे लागले.

हे ऐकून कोणी अब्बा म्हणतील, “बघा, म्हणूनच मुलीला लॅपटॉप नको.” नाही, साहेब. या गोष्टीचा बोध तो नव्हे. शाळेला प्रश्न विचारा, कॅमेऱ्यावर कागदाची चिकटपट्टी लावा आणि मुलीला शिकवा की हे यंत्र शाळेचे आहे, त्यावर घरचे फोटो, बँकेची कामे, खासगी पत्रे ठेवायची नाहीत. आपल्या देशातही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व मान्य केले आहे. सावधगिरी मुलीच्या हाती द्या, पण यंत्र तिच्या हातून काढून घेऊ नका.

मग जोडलेल्या डेस्कटॉपची गरजच नाही का? आहे, आणि ती वेगळी आहे. शाळेच्या लॅपटॉपवर बहुधा कुलपे असतात. हवा तो प्रोग्राम घालता येत नाही, मागचे झाकण उघडता येत नाही. अमानतीच्या वस्तूचे स्क्रू उघडायचे नसतात. पण स्क्रू उघडल्याशिवाय यंत्र कळत नाही. ज्या मुलाने एकदा रॅम काढून परत बसवली, मंद झालेल्या जुन्या यंत्रात एसएसडी घालून ते धावते केले, त्याची यंत्राची भीती कायमची जाते. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांत हातांत हुन्नर आहे. मोटार बांधणारे, घड्याळ उघडणारे, रेडिओ दुरुस्त करणारे आपलेच लोक. त्या हुन्नराची पुढची पायरी म्हणजे संगणक जोडणे. त्या मोठ्या मुलाला मी याच कारणाने दोष देत नाही. त्याने यंत्र उत्तम जोडले होते.

जोडायचेच असेल तर अकोला वा जळगावच्या बाजारात जाऊन पक्क्या बिलावर घ्या. कराचे १८ टक्के वाचवण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर घेतलेला भाग बिघडला, तर वॉरंटी मागायला तोंड राहत नाही. एसएमपीएस स्वस्तातला घेऊ नका, कारण तो जाताना इतरांनाही घेऊन जातो. घराचे अर्थिंग तपासा. जुने यंत्र घेत असाल तर एवढे ध्यानात ठेवा की विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि पुष्कळ जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यांवर लिनक्स विनामूल्य चालते. मराठी आणि उर्दू दोन्ही लिपी त्यात लिहिता येतात. चोरीच्या सॉफ्टवेअरने मुलाचा संगणकाशी परिचय करून देऊ नका.

आणखी एक गोष्ट सांगतो. नागपूरच्या महाज्योती संस्थेने इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातील जेईई, नीट आणि सीईटीच्या विद्यार्थ्यांना टॅब आणि इंटरनेट दिल्याचे आपण पाहिले आहे. आपल्याही काही बिरादऱ्या या प्रवर्गांत मोडतात. अशा योजनांची जाहिरात येते तेव्हा ज्यांचा जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र तयार असते, त्यांचाच अर्ज वेळेत जातो. कागद आजच तयार ठेवा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही दोन शब्द. भाऊ असाल तर बहिणीच्या नावाने आलेल्या यंत्रावर ‘जरा वेळ’ म्हणून बसू नका. तो जरा वेळ फार लांबतो. आणि बहिणींनो, तुमच्या नावाचे यंत्र मागून घ्या. अदब ठेवून मागा, पण मागा.

त्या घरात पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. मी अब्बांसमोर माझी चूक कबूल केली. त्या वर्षीचे लॅपटॉप वाटून झाले होते, त्यामुळे गेलेली संधी परत आली नाही. पण त्याच संध्याकाळी डेस्कटॉप बैठकीतून उचलून मधल्या खोलीत गेला. मोठ्या मुलानेच तारा ओढल्या. कपाटाच्या दारावर अम्मींनी वेळापत्रक चिकटवले. चार ते सात बेटी, सात ते आठ धाकटा, त्यानंतर मोठा. मगरिबच्या नमाजपुरती सर्वांना सुट्टी.

तुमच्या घरी लॅपटॉप येवो की डेस्कटॉप, यंत्राचे खोके उघडण्याआधी तो वेळापत्रकाचा कागद लिहा. आणि त्यावर पहिले नाव, आजवर ज्याची पाळी शेवटी येत होती, त्याचे घाला.

खुदा हाफिज.