संस्थेचे वेब-कॅलेंडर : सभासदाला तारीख सापडते का?

(इंदूर येथे कार्यकारिणी व सभासदांच्या संयुक्त बैठकीत केलेले भाषण)



आम्ही बँकेत खिडकीमागे बसणारी माणसे. बी. कॉम.ची पुंजी आणि वीस-बावीस वर्षांची नोकरी एवढ्यावर संगणकाविषयी भाषण ठोकायचे म्हणजे जरा धाडसच. पण कॅलेंडर तपासायला चौघांची समिती नेमली गेली आणि तिचे टिपण वाचण्याचे काम आमच्याकडे आले, म्हणून उभे आहोत.

प्रकरण कशावरून निघाले ते सर्वांना ठाऊक आहे. गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना छापील पत्रकात गेली नाही, ती फक्त वेबसाइटवरील कॅलेंडरवर टाकली गेली. सभेला मोजकी माणसे आली. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब झाली, नंतर तिथेच पुन्हा भरली, वर्गणीवाढ मंजूर झाली आणि मासिक पत्रक टप्प्याटप्प्याने बंद करावे असेही ठरले. मग रामबागेपासून सुदामा नगरापर्यंत एकच ओरड, ‘आम्हाला कोणी कळवलेच नाही!’ त्यावर कार्यकारिणीचे उत्तर, ‘कॅलेंडरवर होते की!’ दोन्ही बाजू खरे बोलत होत्या. सूचना होती आणि ती कळली नाही. या दोहोंच्या मध्ये काय घडले तेवढेच आम्ही पाहिले.

या शास्त्राला वापरसुलभता म्हणतात. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९९८ साली तिची व्याख्या केली. ठरलेल्या माणसांना, ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेले काम पुरे करता येते का, किती कष्टात येते आणि त्यांचे समाधान होते का, असा तिचा मथितार्थ आहे. म्हणजे ‘कॅलेंडर चांगले आहे का’ हा प्रश्नच अपुरा. कोणासाठी आणि कशासाठी, हे आधी विचारावे लागते.

तपासणीला किती माणसे घ्यावीत यावर आमच्यात वाद झाला. एक सदस्य म्हणाले, निदान शंभर सभासद हवेत. पण जेकब नीलसन आणि थॉमस लँडॉवर यांनी १९९३ साली मांडलेला हिशेब आम्हाला पटला. एक माणूस बसवला की सरासरी ३१ टक्के दोष उघडे पडतात. दुसरा बसला की उरलेल्यातले ३१ टक्के. आमच्या भाषेत हा घटत्या शिलकीवरचा घसारा झाला. १०० चे ६९, मग ४७.६, ३२.९, २२.७ आणि पाचव्या माणसानंतर शिल्लक १५.६. म्हणजे पाच जणांतच ८४-८५ टक्के दोष हाती लागतात. मात्र माणसे एका जातकुळीची हवीत. वेगळ्या गटांसाठी वेगळी माणसे घ्यावी लागतात. म्हणून आम्ही साठीपुढचे पाच आणि तिशीच्या आतले तीन असे आठ जण वाचनालयाच्या खोलीत एकेक करून बसवले.

प्रत्येकाला पाच कामे दिली. पुढची सर्वसाधारण सभा कधी व कुठे, ते शोधा. अहिल्याबाईंची पुण्यतिथी शोधा. जनगणनेत मातृभाषा नोंदविण्याबाबतची सभा शोधा. वधू-वर मेळाव्याच्या अर्जाची शेवटची तारीख सांगा. आणि यांपैकी एक तारीख स्वतःच्या मोबाइलवर नोंदवून घ्या. काम करताना मनात येईल ते मोठ्याने बोलायचे, आणि आम्ही मदत करायची नाही, हा नियम. ज्या तरुण सभासदाने पदरचा वेळ घालून कॅलेंडर बनवले तोही मागे बसला होता. त्याला बोलायची बंदी केली होती. बिचाऱ्याने दोन तास ओठ चावत काढले. त्याचे आभार आम्ही आधीच मानून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहोत त्यातले निम्मे त्याने त्याच रात्री कबूल केले.

पहिलीच अडचण आम्हाला अनपेक्षित होती. आपल्या घरात भिंतीवर कालनिर्णय असतो. जयंतराव साळगांवकरांनी तो १९७३ साली सुरू केला. त्यात वार डावीकडे उभे असतात आणि तारखा वरून खाली उतरतात. वेबवरच्या कॅलेंडरात वार वर आडवे आणि तारखा डावीकडून उजवीकडे. पाचपैकी तीन ज्येष्ठ सभासदांचे बोट सवयीने वरून खाली गेले. एका आजोबांनी रविवारखालचे चौकोन ओळीने वाचले आणि म्हणाले, ‘यात मधले दिवस कुठे गेले?’ आम्हाला हसू आले, पण चूक त्यांची नव्हती. पन्नास वर्षांची सवय एका स्क्रीनने मोडत नाही.

दुसरी अडचण चौकोनातल्या मजकुराची. आपल्या प्रत्येक कार्यक्रमाचे शीर्षक संस्थेच्या लांबलचक नावाने सुरू होते. चौकोनात मावतात दोन शब्द. त्यामुळे महिनाभर सगळीकडे संस्थेचेच नाव आणि पुढे तीन टिंबे. कीर्तन कोणते, सभा कोणती, डोळ्यांची तपासणी कोणती, काही कळत नाही. एका दिवशी तीन कार्यक्रम असले तर पहिला दिसतो आणि खाली फिकट राखाडी अक्षरात ‘+२’ येते. ते ‘+२’ दाबायचे असते हे पाचांपैकी एकाही ज्येष्ठाला कळले नाही. गेल्या वर्षीची सर्वसाधारण सभा नेमकी तशाच एका ‘+२’ च्या पोटात होती. वर दिसत होते हळदीकुंकू.

आता तिथीकडे येऊ. इथे आम्हाला जरा जास्त वेळ द्यावा.

अहिल्याबाई होळकर १३ ऑगस्ट १७९५ रोजी गेल्या. आपल्या पंचांगाने ती श्रावण वद्य चतुर्दशी. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. शुक्ल पक्ष दोघांचा एकच, पण वद्य पक्षाला ते पुढच्या महिन्याचे नाव देतात. म्हणून इंदुरात हीच तिथी भाद्रपद कृष्ण चतुर्दशी म्हणवते आणि त्या दिवशी पालखी निघते. दिवस एक, नावे दोन. इथे जन्मलेल्या मराठी माणसाला हे शिकवावे लागत नाही. आई एक महिना सांगते, शेजारीण दुसरा, आणि उपास मात्र एकाच दिवशी असतो.

संगणकाला हे कोणी सांगितले नव्हते. कॅलेंडरात बसवलेला तिथीचा तक्ता पौर्णिमान्त होता आणि आपल्या मुलाने त्यात ‘श्रावण कृष्ण १४’ शोधले. पुण्यतिथी एक अख्खा चांद्रमास आधी जाऊन बसली. तिन्ही तरुणांनी ती तारीख पटकन शोधली आणि काम झाले म्हणून सांगितले. पाचापैकी चार ज्येष्ठांना ती सापडलीच नाही. जिला सापडली त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या काकू स्क्रीनकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘अरे, दुसऱ्या दिवशी दिव्यांची अवस दाखवतोय हा. पुण्यतिथी पोळ्याच्या आदल्या दिवशी असते.’ आमच्या घड्याळाच्या नोंदीत काकू सर्वांत मंद. पण आठ जणांत चूक पकडली ती त्यांनीच. घड्याळ लावून माणसे मोजणाऱ्या आम्हा समितीवाल्यांना तेव्हा थोडे ओशाळल्यासारखे झाले, हे कबूल करतो.

आणखी एक चूक निव्वळ घड्याळाची होती. दिवसभराचा कार्यक्रम आपण टाकतो तेव्हा तो रात्री बारापासून धरला जातो. सर्व्हर जागतिक वेळेवर चालत होता, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपले बारा म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा. म्हणून काही कार्यक्रम एक दिवस आधी दिसत होते. त्यात भर म्हणजे तारीख अमेरिकी पद्धतीने, आधी महिना मग दिवस. ‘०५/०४’ म्हणजे ५ एप्रिल की ४ मे? वधू-वर अर्जाच्या तारखेवर सात जण गोंधळले. बँकेत धनादेशावर असा गोंधळ झाला तर ग्राहक खिडकी डोक्यावर घेतो. इथे मात्र सातही जण म्हणाले, ‘आम्हालाच येत नाही बहुतेक.’

हे वाक्य आम्ही शाखेत संगणक आले तेव्हाही ऐकले आहे. पासबुकातली नोंद न कळलेला माणूस स्वतःला दोष देत निघून जातो आणि साहेबांना वाटते, तक्रार नाही म्हणजे सगळे ठीक चालले आहे. शेवटी आम्ही जॉन ब्रुक यांची १९८६ सालची दहा प्रश्नांची यादी भरून घेतली. तिच्यात विषम प्रश्नांचे गुण एक वजा करून, सम प्रश्नांचे पाचातून वजा करून घ्यायचे आणि बेरजेला अडीचने गुणायचे. शंभरापैकी ६८ ही सरासरी समजतात. एका वहिनींना पाचपैकी तीन कामे जमली नव्हती, त्यांनी दिलेले गुण ८०! विचारले तर म्हणाल्या, ‘आपल्या वाड्यातला पोरगा आहे, त्याला नावे कशी ठेवू?’ तेव्हा गुणांवर विसंबू नका. माणूस काय म्हणतो त्यापेक्षा त्याचे बोट कुठे अडते ते बघा.

‘म्हातारी माणसे तशीही सभेला येत नाहीत’ असे कोणी खासगीत म्हणतात. त्यांना एवढेच विचारतो की सभेची तारीख ज्याच्यापर्यंत पोचली नाही त्याचे मत तुम्ही घेतले असे कसे म्हणता? आणि तारीख न पोचण्याची किंमत फक्त वर्गणीवाढीपुरती नाही. २०२१ ची रखडलेली जनगणना आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून व्हायची आहे. तिच्यात मातृभाषेचा रकाना असतो. प्रगणक हिंदीत विचारतो, आपण हिंदीत उत्तर देतो आणि पिढ्यान्पिढ्या घरात मराठी बोलणारे कुटुंब हिंदीभाषक म्हणून नोंदले जाते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० क आणि ३५० ख ही कलमे आली. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे आणि या समाजांसाठी विशेष अधिकारी असावा, हे त्यात आहे. पण मराठी शाळा मागायला गेलो तर पहिला प्रश्न येतो, तुम्ही किती? त्यासाठी ठेवलेली सभा आठपैकी तिघांनाच सापडली. तिघेही तरुण.

खर्चाचा मुद्दा आम्हाला मान्य आहे. छपाई आणि टपाल महाग झाले, ताळेबंद आम्हीही वाचतो. वेब-कॅलेंडर नको असे आमचे म्हणणे नाही. न्यू जर्सीतली लेक तिथे बसून इथल्या गणेशोत्सवाची वेळ बघते, ती पत्रकाने कशी बघणार? आमची मागणी इतकीच की कॅलेंडर उघडताच महिन्याचे चौकोन न येता पुढच्या कार्यक्रमांची उभी यादी यावी, मोठ्या काळ्या अक्षरात. शीर्षकात आधी कार्यक्रम, संस्थेचे नाव नकोच. महिना अक्षरात लिहावा. तिथी अमान्त असावी आणि शेजारी हिंदी नाव द्यावे. सर्वसाधारण सभेची सूचना ‘+२’ मध्ये कधीही जाऊ नये, ती वरच राहावी. चौकोनही ज्याला हवे त्याला मिळावेत, तरुणांना तेच आवडले.

आणि हे दुरुस्त होऊन दुसऱ्यांदा तपासले जाईपर्यंत पत्रक बंद करू नये. गेल्या सभेचा तो ठराव पुन्हा सभासदांपुढे यावा, या वेळी पत्रकात सूचना छापून.

यादीचे काम मुलाने सुरू केले आहे, घड्याळाची चूक त्याने दुरुस्त केली आहे. दुसऱ्या तपासणीसाठी साठीपुढचे पाच नवे सभासद हवेत. पहिले पाच चालणार नाहीत, ते आता शिकले. ग्रंथपालांच्या टेबलावर वही ठेवली आहे, नाव आणि सोयीची वेळ लिहावी. चष्मा घरी विसरू नये.